तेरचे संत श्री गोरोबाकाका

महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे आणि त्यातही मराठवाड्याचे भाग्य थोर. गोदातीरी पैठण येथे नाथमहाराज झाले, आपेगाव येथे ज्ञानोबारायांचे घराणे नांदले, नरसी हे नामदेवरायांचे मूळ गाव सांगतात, आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर येथे संत श्री गोरोबाकाका होऊन गेले. सर्व संतांनी ज्यांना वडीलकीच्या नात्याने काका म्हटले, ते हे आपल्या जिल्ह्याचे दैवत. गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित आहे. कारण काकांनी कोठे मठ बांधला नाही, गादी स्थापिली नाही. ते आयुष्यभर आपल्या गावी, आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहिले, त्यांची मडकी घडविली आणि नाम घेतले. गाव कसे नांदावे याचा धडा त्यांच्या चरित्रात आहे.

जुने तेर

तेर हे गाव फार प्राचीन आहे. त्याचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी माहितीपुस्तकात पैठण व तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे, असे त्यात नमूद आहे. पुढे शिलाहार राजे स्वतःस तगर नगरीचे अधीश्वर म्हणवून घेत. तेथील त्रिविक्रमाचे व उत्तरेश्वराचे विटांचे मंदिर आजही त्या वैभवाची साक्ष देत उभे आहे. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंचे शासकीय पुराणवस्तु संग्रहालय तेर येथे आहे. त्यात मातीची भांडी, मातीच्या मूर्ती व खेळणी पाहिली म्हणजे ध्यानात येते की, काकांच्या आधी हजार वर्षेसुद्धा या गावचा माणूस मातीला आकार देत होता. अशा गावात कुंभाराच्या घरी संत जन्मास यावा, यात नवल ते काय?

जन्म व घराणे

काकांचा जन्म शके ११८९ म्हणजे इ. स. १२६७ च्या सुमाराचा मानला जातो. वडिलांचे नाव माधवबुवा व आईचे रखुमाबाई असे परंपरा सांगते. माधवबुवा हे गावच्या काळेश्वराचे भक्त होते. या दांपत्याची आधीची मुले दगावली होती आणि देवाच्या कृपेने गोरोबा वाचले, अशी कथा तेरकर भाविक भक्तिभावाने सांगतात. मूल दगावण्याचे दुःख काकांच्या घराला असे जन्माआधीपासूनच ठाऊक होते.

त्या काळी देवगिरीस यादवांचे राज्य होते. रामदेवराव यादव इ. स. १२७१ मध्ये गादीवर आले. पुढे १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि काकांच्या डोळ्यांदेखत ते राज्य मोडकळीस आले. राजे आले आणि गेले, पण खेडे आपल्या बळावर टिकून राहिले. ते कशाच्या बळावर टिकले, हे कुंभाराच्या अंगणात उभे राहिले म्हणजे कळते.

बलुतेदार कुंभार

कुंभार हा गावगाड्यातील बलुतेदार. वर्षभर गावाला मडकी, घागरी, रांजण, वेळण्या, पणत्या पुरवावयाच्या आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन आपले बलुते आणावयाचे, अशी रीत होती. रोखीचा व्यवहार थोडा, विश्वासाचा अधिक. घरात पाळणा हलला तरी कुंभाराकडे निरोप जाई, लग्नाचा मांडव पडला तरी त्याच्याच घरून मडकी वाजतगाजत येत, संक्रांतीला सुगडे त्याची, नवरात्रात घट त्याचा, आणि शेवटच्या वाटेवर खांद्याशी धरलेले मडकेही त्याचेच. पाटलाच्या वाड्यात आणि गावकुसाबाहेरच्या झोपडीत पाणी एकाच मातीच्या भांड्यात थंड होते, ही गोष्ट कुंभाराला कोणी शिकवावी लागत नाही.

या व्यवस्थेत दोषही होते. बलुत्यासाठी ताटकळावे लागे, मानपानात उच्चनीच होते, आणि काही बांधवांना तर देवळाच्या पायरीलाही शिवू दिले जात नसे. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु एकाचे दुसऱ्यावाचून अडते ही जाणीव त्या काळच्या माणसाला रोजच्या रोज होत होती. काका या जाणिवेत वाढले. नदीकाठची माती आणावी, खडे वेचून काढावे, लीद व राख मिसळावी, पायाने चिखल तुडवून लोण्यासारखा मऊ करावा, चाकावर गोळा चढवावा, ओल्या मडक्याला आतून गुंडा व बाहेरून थापटणे देत ते घडवावे आणि आव्यात भाजावे, हे त्यांचे नित्याचे काम. काम चालू असता मुखी विठ्ठलाचे नाम चालू राही. नाम घेण्यासाठी त्यांनी काम टाकले नाही आणि कामासाठी नाम सोडले नाही.

घरावर कोसळलेले दुःख

काकांच्या चरित्रातील पुढील प्रसंग सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. संतचरित्रकार महिपतीबुवा ताहराबादकर यांनी शके १६८४ म्हणजे इ. स. १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजय ग्रंथात तो आलेला आहे व कीर्तनकार आजही तो रंगवून सांगतात.

काकांच्या पत्नीचे नाव संती. एके दिवशी त्या पाणी आणावयास निघाल्या आणि तान्ह्या मुलाकडे लक्ष ठेवण्यास पतीला सांगून गेल्या. काका चिखल तुडवीत होते. डोळे मिटलेले, मन पांडुरंगाच्या ठायी. मूल रांगत रांगत चिखलात आले आणि बापाच्या पायाखाली सापडले. काकांना भान राहिले नाही. संतीबाई घागर घेऊन परत आल्या, तो चिखल लाल झालेला. त्या माउलीने जो आक्रोश केला असेल, त्याची कल्पना ज्यांच्या घरचे लेकरू गेले आहे त्यांनाच यावी. दुःखाच्या भरात त्यांनी पतीला बोल लावला आणि पतीच्या देवालाही लावला. देवाला नावे ठेविलेली काकांना सहन झाली नाहीत व ते अंगावर धावून गेले. तेव्हा संतीबाईंनी विठ्ठलाची शपथ घालून आपल्या अंगाला हात लावू नये असे बजावले. काकांचा हात जागच्या जागी थांबला आणि ती शपथ त्यांनी पुढे कायमची पाळली.

कीर्तनात ही कथा काकांच्या एकाग्र भक्तीचे उदाहरण म्हणून सांगतात, ते योग्यच आहे. परंतु संतीबाईंचेही दुःख विसरता कामा नये. ज्या बाईने त्या दिवशी देवाला बोल लावला, तिला संतांनी कधी दूषण दिलेले नाही. कथेच्या शेवटी देव प्रसन्न झाला तो तिच्यावरही झाला. दुःखात माणूस काहीबाही बोलतो. शेजाऱ्याने आणि देवाने ते मनावर घ्यावयाचे नसते.

शपथेमुळे पतिपत्नीचे बोलणेचालणे तुटले. वंश खुंटेल या काळजीने संतीबाईंनी आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी काकांचे दुसरे लग्न लावून दिले. लग्नात सासऱ्यांनी दोन्ही मुलींना सारखेच वागवावे अशी विनंती केली. काकांनी तिचा अर्थ असा घेतला की, एकीला जी शपथ तीच दुसरीलाही लागू. दोघी बहिणींनी एका रात्री काका झोपेत असता त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले. जाग आल्यावर शपथ मोडली हे पाहून काकांना पश्चात्ताप झाला आणि अपराधी हात त्यांनी तोडून टाकले. संतांचा निश्चय इतका कठोर असतो हे सांगणारी ही कथा आहे. आपण सामान्यांनी त्यातून दिलेला शब्द पाळावा एवढेच घ्यावयाचे आहे.

विठू कुंभार

आता घराची काय अवस्था झाली असेल? हातावर पोट असलेल्या कारागिराचे हातच गेले. चाक थांबले, आवा विझला, घरात दोन बायका आणि दारात रिकाम्या घागरी मागणारे गाव. कथा अशी सांगते की, तेव्हा पंढरीचा राणा स्वतः विठू कुंभार होऊन तेरला आला, रखुमाईलाही सोबत घेऊन आला, आणि काकांच्या घरी चाकरीला राहिला. त्याने माती वाहिली, चिखल तुडविला, चाक फिरविले, मडकी भाजली आणि बाजारात विकून घर चालविले.

या कथेचे मर्म नीट पाहिले पाहिजे. देवाने त्या घरात सोन्याची नाणी टाकली नाहीत, उपदेश केला नाही, चूक कोणाची याची चौकशीही केली नाही. जे काम अडले होते ते त्याने आपल्या हातांनी केले. आपल्या भागात जुन्या पिढीत वारंगुळा होता, सावड होती, इर्जिक होती. एखाद्याचा बैल बसला, एखाद्याच्या घरी आजारपण आले, तर चार शेजारी आपापले बैल जुंपून त्याचे रान पेरून देत आणि त्याबद्दल बोलून दाखवीत नसत. विठू कुंभाराची कथा ज्या समाजाने जपली, त्या समाजाला ही मदत देवाइतकी पवित्र वाटत होती. अडलेल्या शेजाऱ्याच्या चिखलात जो उतरतो तो विठू, असा तिचा सरळ अर्थ आहे.

पुढे पंढरपुरास नामदेवरायांचे कीर्तन चालू असता सर्व श्रोते टाळी वाजवू लागले. काकांनीही आपले थोटे हात उचलले आणि त्या भरात त्यांना हात फुटले, गेलेले मूल रांगत आईकडे आले आणि देवाने दोघी बहिणींना शपथेतून मोकळे केले, असे भक्तजन सांगतात. ही कृपा काकांवर झाली ती एकांतातील गुहेत झाली नाही. चारचौघांत, सर्वांबरोबर टाळी वाजविताना झाली. वारकरी पंथाने समुदायाला जे महत्त्व दिले आहे ते येथे स्पष्ट दिसते.

संतमेळा आणि कच्चे मडके

काकांच्या घरी संतांचा मेळा भरला होता ही कथा तर अवघ्या वारकरी पंथाची आवडती आहे. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव, चोखामेळा अशी मंडळी जमली होती. ज्ञानदेवांनी शके १२१८ म्हणजे इ. स. १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली, त्यापूर्वीची ही गोष्ट असली पाहिजे. म्हणजे परंपरेच्या सनावळीने पाहता काकांचे वय त्या वेळी तिशीच्या आतबाहेर होते. नामदेवरायांपेक्षा ते अवघे तीन वर्षांनी वडील. तरीही सर्वांचे काका तेच. वडीलकी ही वयापेक्षा सोसण्याने आणि समजुतीने येते, हे यावरून दिसते.

मुक्ताबाईंनी कोपऱ्यातील थापटणे पाहून ते कशासाठी असते असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे आवाजावरून ओळखण्यासाठी, असे काकांनी सांगितले. मग माणसांचीही परीक्षा करावी, असे मुक्ताबाईंनी सुचविले. काका उठले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत गेले. सर्वजण शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र त्यांना राग आला. ज्याच्याशी प्रत्यक्ष पांडुरंग बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य देव खातो, त्याला कुंभाराने थापटणे मारावे हे त्यांना मानवले नाही. काकांनी निवाडा दिला की, एवढे एक मडके कच्चे आहे.

नामदेव रागाने पंढरीस गेले आणि देवाकडे गाऱ्हाणे केले. देवानेही काकांचाच निवाडा उचलून धरला व गुरू करण्यास सांगितले. त्याप्रमाणे औंढा नागनाथाच्या देवळात त्यांना विसोबा खेचर भेटले आणि देव सर्वत्र भरलेला आहे याची खूण पटली, असे सांगतात. पुढे हेच नामदेव विठ्ठलभक्तीचा झेंडा घेऊन पंजाबपर्यंत गेले. तेथील घुमान या गावी त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. म्हणजे काकांनी जे मडके कच्चे ठरविले, तेच पुढे भाजून निघाले आणि परमुलखातील तहानेल्यांना पाणी पाजू लागले. काका त्या दिवशी भिडेखातर गप्प राहिले असते तर पंगत गोडीने उठली असती, पण नामदेवांचे नुकसान झाले असते. शेजाऱ्याला अडचणीत हात देणे हा शेजारधर्म आहेच, परंतु त्याच्या तोंडावर प्रेमाने खरे सांगणे हाही शेजारधर्मच आहे. आणि ऐकून घेऊन सुधारण्याचा मोठेपणा नामदेवरायांनी दाखविला, तो तर त्याहून थोर.

त्या मेळ्यात चोखोबाही होते. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता ते काकांच्या अंगणात सर्व संतांच्या शेजारी बसले होते. पुढे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढे येथे भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपुरास महाद्वारासमोर समाधी बांधली. परंतु महाद्वाराच्या आत जाण्यास त्यांच्या बांधवांना आणखी सहाशे वर्षे लागली. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले तेव्हा कोठे ती दारे उघडली. जे काकांच्या अंगणात सहज घडले, त्याला देवळात इतका काळ जावा लागला, याचा विचार मंदिर बांधणाऱ्या प्रत्येक गावाने केला पाहिजे.

समाधी

काकांनी चैत्र वद्य त्रयोदशी शके १२३९ म्हणजे इ. स. १३१७ या वर्षी तेर येथे देह ठेविला. तेरणेच्या काठी त्यांचे समाधिमंदिर आहे. त्यांचे घर म्हणून एक जुने घरही गावात दाखवितात. त्यांच्या नावावर मोजकेच अभंग आहेत, सुमारे वीस. मडकी मात्र त्यांनी किती घडविली याची गणती कोण करणार? चैत्रात तेरला मोठी यात्रा भरते, दूरदूरच्या दिंड्या येतात, आणि काकांची पालखी पंढरीच्या वारीस जाते. काकांची कीर्ती मराठी मुलखापुरतीही राहिलेली नाही. शेजारच्या कर्नाटकात त्यांच्या चरित्रावर १९७४ साली कानडी बोलपट निघाला आणि त्यात राजकुमार यांनी काकांची भूमिका केली.

आपल्यासाठी बोध

भाविकजनहो, काकांच्या काळातील गावगाडा आज राहिलेला नाही. बलुते गेले, रांजणाच्या जागी टाक्या आल्या, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, आणि सावडीने होणारी कामे रोजंदारीवर होऊ लागली. त्यात काही चांगलेही झाले. कोणाला खळ्यावर ताटकळावे लागत नाही, कोणाला वेशीबाहेर उभे राहावे लागत नाही. परंतु अडचणी तशाच आहेत. पाऊस दगा देतो, विहिरी आटतात, कर्जाने माणूस खचतो. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो. खडी केंद्रांवर शेजारीशेजारी बसून सर्व जातींच्या बायामाणसांनी दगड फोडले आणि आणलेली भाकरी वाटून खाल्ली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा लातूर व आपल्या जिल्ह्यातील उमरगा, लोहारा भागातील गावेच्या गावे भुईसपाट झाली व हजारो माणसे गेली. त्या दिवशी सरकारी मदत पोचण्याआधी ढिगाऱ्यावरचे दगड उचलले ते वाचलेल्या शेजाऱ्यांनी आणि आसपासच्या खेड्यांतील लोकांनी. त्या वेळी कोणी कोणाचे घर, कोणाची आळी हे विचारले नाही. असे शेकडो विठू कुंभार या जिल्ह्याने पाहिले आहेत.

प्रश्न एवढाच आहे की, संकटाच्या दिवशी जागा होणारा हा शेजारधर्म एरवीच्या दिवसांत जागा राहतो की नाही. भूकंपाचा आवाज सर्वांना ऐकू येतो. पण गल्लीतल्या एका घरात चूल पेटली नाही, एखाद्या शेतकऱ्याने आठ दिवस कोणाशी बोलणे टाकले आहे, एखादी विधवा पेरणीसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहत आहे, याचा आवाज होत नाही. तो थापटणे लावल्यावाचून कळत नाही. त्यासाठी उंबरठा ओलांडून विचारपूस करावी लागते.

मंदिराचा जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे. कोणी रक्कम दिली, कोणी सिमेंट व वाळू दिली, कोणी ट्रॅक्टर दिला, कोणी चार दिवस अंगमेहनत केली. देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली जातील व ते योग्यच आहे, कारण पुढील पिढीला त्यातून स्फूर्ती मिळते. ज्यांनी नुसते पाट्या वाहून काम केले त्यांचे नाव फरशीवर येणार नाही, परंतु विठू कुंभाराचे नाव तरी तेरच्या बलुत्याच्या हिशेबात कोठे लागले होते? देणाऱ्याने दिल्यावर मान मिळाला नाही म्हणून रुसावे, तर काकांचे थापटणे आपल्याही मस्तकावर पडणार आहे हे लक्षात ठेवावे.

मंदिराची भिंत विटांची असते आणि वीट म्हणजे भाजलेली माती. एक वीट दुसऱ्या विटेचा भार घेते म्हणून भिंत उभी राहते. या मंदिराच्या दारातून गावातील प्रत्येक घरचे माणूस समान हक्काने आत यावे, सभामंडपात सर्वांनी एका पंगतीस बसावे, आणि येथून घरी जाताना प्रत्येकाने वाटेवरच्या एका अडलेल्या घराची चौकशी करून जावे. असे झाले तर आजचा जीर्णोद्धार पूर्ण झाला असे म्हणता येईल. तशी बुद्धी श्री गोरोबाकाकांनी आपणा सर्वांस द्यावी, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ रामकृष्ण हरि ॥